सकाळचं शून्य

रंजना वाचणार नाही हे मला कळलं, तेव्हा तिच्या मनगटावरचा दिवा हिरवा होता.

मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. पुण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर स्कॅन लावला आणि पेनाच्या टोकाने एकेक जागा दाखवली. बीजकोशापासून सुरुवात, मग पोटाचं अस्तर, मग यकृत. पाचव्या जागेनंतर मी बघणं सोडलं.

"किती दिवसांचं असेल हे?" मी विचारलं.

"दीड-दोन वर्षं तरी." मग त्यांची नजर रंजनाच्या हाताकडे गेली. "पहारा आहे ना यांना? कधी पिवळा झाला नाही?"

"नाही."

"मधे काढून ठेवला होता का?"

"एक दिवसही नाही. रोज सकाळी मी स्वतः बघतो."

रंजनाने पदर ओढून मनगटावरचा पट्टा झाकला.

मी सुहास घाडगे. साताऱ्याच्या एमआयडीसीत काचेच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं नोकरी केली. आयटीआयपर्यंत शिकलो. लिहिण्याची सवय नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

पहारा आमच्या कंपनीने काढला. तांदळाच्या दाण्याएवढी एक काच हाताच्या कातडीखाली बसवतात आणि वरून घड्याळासारखा पट्टा बांधतात. काचेला आम्ही दाणाच म्हणायचो. दाण्याच्या एका अंगावर बारीक समांतर खाचा असतात, एका मिलिमीटरात दोन हजारांच्या आसपास. पुस्तकात त्याला विवर्तन जालक म्हणतात, आम्ही ग्रेटिंग म्हणायचो. जुन्या सीडीवर उन्हात रंग दिसायचे, ते अशाच खाचांमुळे.

आमच्या दाण्यात मात्र सगळे रंग दिसत नाहीत. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो, एरवी नुसता हलतो. तसंच इथे. पट्ट्यातला प्रकाश खाचांवर पडला की त्यातला एकच रंग आत अडकतो, खाचांमधून धावतो आणि जोरात परत येतो. बाकीचे रंग पार निघून जातात. याला अनुनाद म्हणतात. खाचांवर काही चिकटलं की हा रंग किंचित तांबड्याकडे सरकतो. त्या खाचांवर आम्ही असा लेप द्यायचो की त्याला आजाराची ठरावीक प्रथिनंच चिकटावीत. चिकटली की रंग सरकला, सरकला की दिवा पिवळा, फार सरकला की लाल.

खरी करामत पुढची आहे. रंग किती सरकला हे मोजायला मोठं यंत्र लागतं, ते मनगटावर बसत नाही. म्हणून दाण्यात एक पातळ थर दिला होता, त्याला वीज दिली की रंग उलटा सरकतो. पट्टा सतत तेवढी वीज देत राहतो, की रंग आपल्या जागेवरून हलू नये. रंग हलवायला आजार बघतो, रोखायला पट्टा बघतो. पट्ट्याला किती जोर लावावा लागला, तेवढा आजार.

अडचण एकच होती. रंग थंडीनेही सरकतो आणि तापानेही सरकतो. म्हणून पहिल्या दाण्यांत दोन पट्ट्या असायच्या, एक लेपाची आणि एक कोरी. कोरीवर काही चिकटत नसे. ती जेवढी सरकली तेवढं हवामान समजून वजा करायचं. दोन पट्ट्यांमुळे दाणा महाग पडायचा आणि शंभरातले तीस फुकट जायचे.

ती कोरी पट्टी काढायची सूचना माझी.

मला काम शिकवलं मुल्लाणीचाचांनी. ते रोज सकाळी पाळी सुरू झाली की मलमलच्या कापडाने काच पुसायचे, तिरकी धरून बघायचे आणि मगच यंत्राचं शून्य लावायचे. रात्रीत यंत्र जे काही सरकलं असेल ते त्या एका बटणात जायचं. मी नवा असताना दोनदा न पुसता बटण दाबलं, तर मनगटावर फूटपट्टी बसली.

"घाण असताना शून्य लावलंस तर घाणच शून्य होते की रे," चाचा म्हणाले. "मग दिवसभर यंत्र तुला सांगणार, काच स्वच्छ आहे."

आणखी एक त्यांची रीत होती. प्रत्येक काचेचं पहिलं शून्य, म्हणजे ती कोरी करकरीत असतानाचा विजेचा आकडा, ते काचेच्या नंबरापुढे हाताने वहीत लिहायचे. कॉम्प्युटर आल्यावरही लिहायचे. ते गेल्यावर मी काही वर्षं लिहीत राहिलो.

कोरी पट्टी कशी टाळायची यावर बैठक झाली तेव्हा मी मागे उभा होतो. मी म्हणालो, "शॉपमध्ये यंत्रांना आपण रोज सकाळी शून्य लावतोच. दाण्यालाही रोज सकाळी सहाला लावू. रात्रीतून हवेने जे सरकलं असेल ते जाईल. कोरी पट्टी कशाला हवी?"

केळुसकर मॅडम तेव्हा नव्याच इंजिनिअर होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पण घाडगेकाका, एखादी गोष्ट हळूहळू वाढत असेल तर? रोजच्या शून्यात तीही निघून जाईल ना?"

"मॅडम, आजार काय रोज चमचा चमचा वाढतो का?" मी म्हणालो. "आजार उसळतो."

सगळे हसले. विक्रीवाले सर्वांत जोरात हसले. मॅडमही थोड्या हसल्या आणि त्यांनी पेन उचललं.

दाणा निम्म्या किमतीत झाला. मला गुणवत्ता पुरस्कार मिळाला, शाल, श्रीफळ आणि कंदी पेढ्यांचा पुडा. नेमका कशासाठी, हे घरी कुणाला नीट कळलं नाही. "यंत्रात सुधारणा केली," एवढंच मी सांगितलं. फोटो बाहेरच्या खोलीत लावला.

आणि पहाऱ्याने माणसं वाचवली, हेही खरं आहे. हृदयविकार, अंगभर पसरणारा जंतुसंसर्ग, डेंगी, जे जे एकदम उसळतं ते त्याने धरलं. आमच्या गल्लीतल्या दोघांना धरलं. लोक रस्त्यात थांबवून माझे हात धरायचे.

या नव्या, एका पट्टीच्या दाण्यांचा पहिला लॉट कामगारांच्या घरच्यांना दिला. एक रंजनाला आणि एक ईश्वरीला, आमच्या मुलीला. ती कराडला शाळेत शिकवते.

शून्य पट्टा आपोआपच लावायचा. पण माझा आपोआपवर विश्वास नाही. सहाला चहा झाला की रंजना ओट्यापाशीच हात पुढे करायची.

"लावा तुमचं शून्य."

मी बटण दाबायचो. दिवा एकदा मिचकायचा आणि हिरवा व्हायचा.

"अठ्ठावीस वर्षं संसार केला आणि रोज सकाळी मी पुन्हा शून्यावर," ती म्हणायची.

"नव्या नवरीसारखं."

"नव्या नवरीला कुणी भांडी घासायला लावत नाही."

दीड वर्षापूर्वी ती म्हणाली, पोट फुगल्यासारखं वाटतं. परकराची नाडी घट्ट होते. दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखं होतं. मी तिच्या हाताकडे बघितलं.

"हिरवा आहे. पित्त असेल."

महिन्याभराने ती पुन्हा म्हणाली, "एकदा डॉक्टरांना दाखवू का?"

"दाणा माझ्या हाताखालून गेलाय, रंजना. स्कॅनला जे दिसत नाही ते त्याला दिसतं."

ती ओव्याचं पाणी प्यायला लागली. वर्षभर प्यायली.

त्या मंगळवारी पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या बोगद्यात ती म्हणाली, "अहो, उद्या शून्य लावायचं का आता?"

बोगदा संपायच्या आत मला सगळं समजलं. मुल्लाणीचाचा आधी पुसायचे आणि मग शून्य लावायचे. मी सूचना केली तेव्हा शून्य लक्षात ठेवलं आणि पुसणं विसरलो. काच माणसाच्या हातात असते, ती पुसणार कोण? रोज सकाळी मी तिचा कालपर्यंतचा आजार शून्य धरत होतो. रोज थोडासाच. पट्ट्याला तो थंडीएवढा वाटायचा.

घरी आल्यावर ती झोपली. मी माळ्यावर चढलो. चाचांच्या रीतीच्या माझ्या तीन वह्या तिथे होत्या. कंपनीने त्या रद्दीत काढल्या होत्या, मी घरी आणल्या होत्या. "कसले हे आकडे जपताय," असं म्हणून रंजनानेच त्या जुन्या साडीत बांधून ठेवल्या होत्या. तिच्या दाण्याचं पहिलं शून्य सापडलं. तीन पूर्णांक चारशे बारा. खाली उतरलो, तिचा हात हळूच पलंगावर ठेवला, दहा मिनिटं थांबून तापाचा फरक वजा करायला अंगाचं तापमान घेतलं आणि सर्व्हिसवाल्यांच्या कोडने पट्ट्यात तो आकडा घातला.

दिवा लाल झाला. मिचकला नाही, पिवळा झाला नाही, सरळ लाल झाला.

ती कूस बदलू लागली. मी घाईने बटण दाबलं आणि पुन्हा हिरवा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हात पुढे केला तेव्हा मी बटणावर बोट ठेवलं, दाबलं नाही. तिला कळलं नाही. मग ती म्हणाली, "लाखभर दाण्यांत एक खराब निघतो म्हणता ना. तो माझ्याच वाटणीला आला बघा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तेव्हा सांगायला हवं होतं. दाणा खराब नव्हता. मी चहाचे कप विसळायला घेतले.

रविवारी ईश्वरी आईला बघायला आली. मी म्हणालो, "दे, पट्टा सर्व्हिस करून देतो." तिचाही आकडा वहीत होता. तो घातला आणि दिवा पिवळा झाला.

"बाबा, हे काय?"

"उद्याच तपासून घे. आईचं निघालंय, तुझंही बघायला हवं."

"पण काल तर हिरवा होता."

"पट्ट्यावर जाऊ नकोस. मी सांगतो म्हणून जा."

एका बाजूला वाटाण्याएवढी गाठ निघाली. आई ज्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर होती, तिथेच तिसऱ्या मजल्यावर ईश्वरीचं ऑपरेशन झालं. आईकडून आलेला दोष रक्ततपासणीत सापडला, म्हणून दोन्ही बीजकोश काढावे लागले. तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी मूल होऊ द्यायचं असं त्या दोघांनी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. जावई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी खाली रंजनाकडे गेलो. तिच्या नाकात नळी होती. तिने माझा हात तिच्या पोटावर ठेवला. पोट ढोलासारखं घट्ट लागलं.

"पोरगी वाचली," ती म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून. दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं ते."

"हं."

"मी बघा, उगाच तुमच्या वह्यांना नावं ठेवत होते."

मी तिच्या कपाळावरचे केस मागे केले. तोंड उघडलं होतं मी. नर्स आली, सलाइन बदललं, आणि मी म्हणालो, "पाणी हवंय का?"

असे साडेतीन महिने गेले. रोज सकाळी ती हात पुढे करायची आणि मी बटण दाबल्यासारखं करायचो. तेवढं सोडून दुसरं काही तिला माझ्याकडून लागत नव्हतं. शेवटचे चार दिवस तिला हात उचलता आला नाही.

संगम माहुलीला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो तेव्हा राखेत दाणा सापडला. साधी काच वितळली असती, ही वेगळी असते. वरचे थर, लेप, तारा सगळं जळून गेलं होतं. मी दाणा उन्हात तिरका धरला. रंग आला. फिका होता, पण एकच होता. आता त्या खाचांवर काहीही चिकटलेलं नव्हतं. आता शून्य लावलं असतं तर ते खरं निघालं असतं.

पंधराव्या दिवशी मी कंपनीत गेलो. केळुसकर मॅडम आता सगळ्या विभागाच्या प्रमुख आहेत. त्यांनी दार लावून घेतलं आणि स्वतः उठून मला पाणी दिलं. मी वही उघडली आणि दोघींचे आकडे दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले. त्यांच्याकडे बघून मला कळलं, त्यांना हे नवं नव्हतं.

"केव्हापासून माहीत आहे?" मी विचारलं.

"आठ महिने. कागद वर गेला आहे. नव्या दाण्यांत कोरी पट्टी परत घेतोय."

"आणि जुन्यांचं?"

"बारा लाख दाणे आहेत, काका. त्यांचं पहिलं शून्य कुठून आणायचं? पट्ट्यात नव्वद दिवसांपलीकडचं काही राहत नाही. इथल्या कॉम्प्युटरमधलं दोन वर्षांनी पुसून टाकतात."

"मग निदान सांगा तरी त्यांना. दिव्यावर विसंबू नका म्हणून सांगा. हळू वाढणारा आजार याला दिसत नाही, पोटात काही वाटलं तर सरळ डॉक्टर गाठा म्हणावं."

"तसं सांगितलं तर लोक पट्टेच काढून टाकतील. गेल्या वर्षी त्याच पट्ट्यांनी चाळीस हजार हृदयविकार पकडले. ती माणसं मग कुणाच्या नावावर?"

मी वही मिटली.

"मी म्हणत नाही गप्प बसा," त्या म्हणाल्या. "बाहेर जा, अर्ज करा. मी अडवणार नाही. मला विचारलं तर मी खरं सांगेन. पण पहिला प्रश्न हाच येणार, कोरी पट्टी कुणाच्या सांगण्यावरून काढली. तो कागद फाइलला आहे. बैठकीचं टिपणही आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी त्या दिवशी विचारलं होतं. आठवतं का तुम्हाला?"

"आठवतं."

"मी पुन्हा विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं. शॉपमध्ये पाळी बदलत होती. एक नवी मुलगी यंत्रापाशी उभी होती. तिने काच न पुसताच बटण दाबलं. आता यंत्र स्वतःच पुसतं म्हणे.

पहिल्या लॉटच्या माझ्या वह्यांत चार हजार आकडे आहेत. कामगारांची घरं मला माहीत आहेत. वही पिशवीत घालून मी दारोदार जातो. लोक बसवतात, चहा देतात, हात पुढे करतात. आजवर एकशे सत्तर दाणे तपासले. अकरा पिवळे निघाले, दोन लाल. लाल निघालेल्यांतला एक माझ्याच पाळीतला मित्र आहे, बाबर. त्याच्या बायकोने विचारलं, "भावजी, पण हे असं झालं कसं?" मी म्हणालो, "कंपनीची चूक." तिने कंपनीला शिव्या दिल्या. मी चहा संपवला.

ईश्वरी आता बरी आहे. शाळेत जाते. घरी फार बोलत नाही, पण या एका गोष्टीवर बोलते. गेल्या शनिवारी ती कराडहून आली ती कागद घेऊनच. आरोग्य खात्याला अर्ज करायचा, बारा लाख लोकांना नोटीस जायला हवी. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. माझं अक्षर चांगलं आहे, चाचांनी वळण लावलेलं. दाणा कसा चालतो, रोजच्या शून्यात काय जातं, रंजनाचा आकडा, तिचा स्वतःचा आकडा, सगळं लिहून झालं.

"आता लिहा," ती म्हणाली, "कोरी पट्टी काढून टाकण्याची सूचना सदर कंपनीत... कुणी केली हो बाबा?"

"बैठकीत ठरलं होतं."

"बैठकीत कुणीतरी एकच बोललेलं असतं. स्टाफरूममध्ये मी रोज बघते. तुम्ही होतात का त्या बैठकीत?"

"मागे उभा होतो."

"मग आठवा. मला तो माणूस बघायचाय. मला त्याला फक्त एवढंच विचारायचंय, की त्याच्या घरात कुणाच्या हातात दाणा आहे का."

ती पुरस्काराच्या फोटोखालीच बसली होती. फोटोत मी शाल पांघरून उभा आहे आणि बाजूला रंजना आहे, हातात पेढ्यांचा पुडा.

"फाइल बघावी लागेल," मी म्हणालो.

"बघा. तेवढी जागा कोरी सोडा. नाव कळलं की भरा आणि पाठवा. उशीर नको, बाबा. रोज सकाळी कुणाचं तरी शून्य लागतंय."

जाताना तिने वाकून नमस्कार केला. एरवी ती करत नाही. म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून मी आहे." आईचेच शब्द. त्या दोघींनी एकमेकींशी बोलून ठरवलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

आज गुरुवार. अर्ज चार पानी आहे. खाली माझी सही आहे. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे, तिकिटं लावून झाली आहेत. तिसऱ्या पानावरच्या त्या ओळीत नाव लिहायचं राहिलं आहे.